पोट आलेली भिंत

संपादकांचं पत्र आलं, "वकिलीतले गमतीचे किस्से लिहा, फराळाबरोबर वाचायला बरे पडतात." किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात मी छत्तीस वर्षं काळा कोट घातला आणि त्यातली निम्मी वर्षं कुंपणाचे गडगे, पन्हळी, संडास आणि शेजाऱ्याचे माड यांतच गेली. पण लिहायला बसलो की एका भिंतीपाशी हात अडतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. त्या भिंतीची मला आजही भीती वाटते, म्हणून आधी थोडं गमतीचं सांगून घेतो आणि मग तिच्याकडे वळतो.

मालगुंडकडचे एक गृहस्थ माझ्याकडे दर पंधरवड्याला यायचे. त्यांच्या शेजाऱ्याने मुंबईहून पैसे पाठवून घराला जांभळा रंग लावून घेतला होता. साधासुधा जांभळा नव्हे, पिकलेल्या करवंदासारखा. "सकाळी दार उघडलं की ते घर अंगावर येतं हो, न्याहारी जात नाही," असं ते मला गंभीरपणे सांगायचे. मी त्यांना तितक्याच गंभीरपणे समजावलं की घर त्याचं, भिंत त्याची, रंगही त्याचाच, कोर्ट यात काही करणार नाही. ते म्हणाले, "म्हणजे डोळ्यांना काही हक्कच नाही?" मी म्हटलं, "नाही." शेवटी त्यांनी कुंपणाला लागून केळी लावल्या आणि दोन वर्षांत जांभळा रंग झाकून टाकला. केळीचा एक घडही मला आणून दिला.

भाट्याला एका बाईंच्या ओटीवरून समुद्र दिसायचा. शेजाऱ्याने मध्ये पत्र्याची शेड टाकली आणि समुद्र गेला. त्या रडायच्याच बाकी होत्या. त्यांनाही मला हेच सांगावं लागलं, की समुद्र दिसणं हा तुमचा आनंद होता, हक्क नव्हता.

बाहेरच्या लोकांना हे पटत नाही, म्हणून साध्या शब्दांत सांगतो. आपल्या जागेत माणूस कितीही बेढब काहीही बांधू शकतो. ते कुरूप आहे एवढ्यावरून शेजाऱ्याला ते पाडून मागता येत नाही. त्याने आपल्या हद्दीत पाय टाकला तर मागता येतं. आपल्या खिडकीतून वीस वर्षं अखंड येणारा उजेड आणि वारा त्याने बऱ्यापैकी अडवला तर मागता येतं. पाणी आपल्या अंगावर सोडलं तर मागता येतं. आणि बांधकाम पडायला आलेलं असेल, त्याखाली माणूस सापडेल अशी स्थिती असेल, तर दिवाणी कोर्टाच्या तारखांत न अडकता सरळ प्रांतांकडे अर्ज करता येतो. फौजदारी कायद्यात त्याचं स्वतंत्र कलम होतं. त्यामुळे कुणी "फार वाईट दिसतं हो" म्हणत आलं, की वकिलाने त्या वाईट दिसण्याच्या मागे यातलं काही आहे का, ते शोधायचं असतं. त्यात माझा हात कुणी धरणार नाही असं मला तेव्हा वाटायचं.

सुशीलाबाई माझ्याकडे आल्या त्या फाल्गुनात. वय चाळिशीचं, अंगाने काटक. नवरा बोटीवर भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. तो वर्षातले दहा महिने पाण्यावर असायचा. भाट्याच्या पलीकडे चढावर एक वाडी आहे, तिथे त्यांचं घर. घरात त्या आणि सासू अशा दोघीच. सासूला सगळी वाडी काकी म्हणायची. काकीचे कमरेखालचे सांधे गेलेले, ती मागच्या खोलीत खाटेवर असायची. त्या खोलीला मागे एक खिडकी, खिडकीबाहेर जेमतेम दोन हात रुंदीचा बोळ, आणि बोळापलीकडे शेजाऱ्याचा चढ सुरू व्हायचा.

शेजारी म्हणजे वसंत, भाऊबंदांपैकीच, नात्याने काकीचा चुलतपुतण्या. मस्कतला सात वर्षं काढून परत आला होता. मुलीचं लग्न दारात करायचं, त्याला मोठं खळं, म्हणजे अंगण, हवं, म्हणून त्याने चढावर माती भरून जागा सपाट केली आणि ती माती धरायला खालच्या अंगाला चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत घातली. दोन पुरुष उंचीची. सुशीलाबाईंच्या खिडकीतून पूर्वी करवंदीच्या जाळ्या आणि आभाळ दिसायचं. आता लाल चिरा दिसायला लागला.

"बघवत नाय ओ ती भिंत," सुशीलाबाई म्हणाल्या. "वसंतभाऊजींनी बांधलीन ती, चांगलीच बांधली असेल. पण बघवत नाय."

मी वकिली प्रश्न विचारला, "काही धोका वाटतो का?"

त्या म्हणाल्या, "तसं कशाला बोलायचं?"

दाव्याचा मसुदा करताना मी सवयीने एक वाक्य घातलं होतं, 'सदर भिंत पडून वादीच्या घरास व जीवितास धोका पोचण्याचा संभव आहे.' मी ते वाचून दाखवताच बाईंनी हात वर केला. "ते काढा वकीलसाहेब."

"का?"

"असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

आमच्याकडचा हा समज घरोघर आहे. घरातला वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु म्हणत बसलेला असतो आणि आपण नेमकं अभद्र बोललो तर तेच खरं होतं. माझी आईही आम्हाला असंच दटावायची. मी हसून म्हटलं, "बाई, हे माझं ऑफिस आहे, तुमचं घर नव्हे." त्या म्हणाल्या, "पण कागद घरी येणार ना? शेजारची मुलगी वाचून दाखवणार आईंना. नको."

मी वाक्य खोडलं. खोडताना मला काही वाटलं नाही. उलट उजेड-वाऱ्याचा दावा माझ्या हातचा होता, खिडकी चाळीस वर्षांची होती, पुरावा भक्कम होता. बाई 'बघवत नाही' म्हणत होत्या त्याचा अर्थ मी 'दिसायला वाईट' असा लावला. त्यांना त्या भिंतीकडे बघायची भीती वाटत होती, हे त्या दोन वेळा मला सांगून चुकल्या होत्या.

दाव्याआधी नोटीस द्यायची असते. नोटीस लिहायची आम्हा वकिलांची एक रीत आहे. मुद्दा एकच असला तरी कागद भारदस्त दिसावा म्हणून सुचतील तेवढ्या तक्रारी भरीला घालायच्या. भिंतीत खालच्या बाजूला गवंड्याने बोटभर रुंदीची भोकं ठेवली आहेत असं बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मी लगेच परिच्छेद घातला, 'सदर भोकांवाटे आपण माझे अशिलाचे जागेत सांडपाणी सोडण्याचा इरादा धरून आहात, तरी तसे करू नये.' बाईंची ती तक्रारच नव्हती. मला वाक्य आवडलं म्हणून ते राहिलं.

वसंतने नोटिशीला उत्तर दिलं नाही. पुढे चैत्रात मी दावा लावला आणि मनाईचा अर्ज दिला. समोरच्या वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली. न्यायाधीशांनी मुदत दिली आणि माझ्या विनंतीवरून हुकूम केला, की तोवर दोन्ही पक्षांनी भिंतीची स्थिती जैसे थे ठेवावी. जैसे थे म्हणजे आहे तसं. कुणी काही वाढवायचं नाही, पाडायचं नाही, हात लावायचा नाही. पहिल्याच तारखेला असा हुकूम मिळाला की वकिलाची कॉलर ताठ होते, माझीही झाली. हुकमाची नक्कल सुशीलाबाईंनी दोन्ही हातांनी घेतली आणि पदरात बांधली.

आणखी एक सल्ला मी त्याच दिवशी दिला. उजेड-वाऱ्याच्या दाव्यात खोली वापरातली असावी लागते. कोर्टाचा कमिशनर येऊन पाहणी करणार, त्याला खोलीत माणूस राहतंय आणि भरदिवसा दिवा लावावा लागतोय, हे दिसायला हवं. म्हणून मी बाईंना बजावलं, "कमिशनर येऊन जाईपर्यंत काकींना त्या खोलीतून हलवू नका." त्यांनी मान डोलावली. मे महिना सुट्टीत गेला, जूनमध्ये कमिशनर आजारी पडले, पाहणीची तारीख पुढे गेली.

आषाढात एका शुक्रवारी दुपारी सुशीलाबाई ऑफिसात आल्या. आठवडाभर पावसाने उघडीप दिली नव्हती. डोक्यावरचं इरलं त्यांनी बाहेर ठेवलं आणि दारातच उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

"वकीलसाहेब, बोळ लहान झालाय."

मला कळेना. "कसला बोळ?"

"मागचा. विहिरीवरनं मी कळशी कमरेवर घेऊन तिथनंच येते, इतकी वर्षं. परवापासनं कळशी घासते." त्यांनी डाव्या हाताचं कोपर दाखवलं. सोलवटलेलं होतं. "काल कोपरपण घासलं."

आता खरं सांगतो, कारण ते न सांगता पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही. मला आनंद झाला. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की वसंतने भिंत पुढे सरकवली, म्हणजे हुकमाचा भंग झाला, म्हणजे आता त्याला चांगलाच कोंडीत पकडता येईल. मी कागद पुढे ओढून विचारलंसुद्धा, "गवंडी कधी आला होता कामाला?"

"कोणी नाय आलं," बाई म्हणाल्या. "चैत्रापासनं कोणी हात नाय लावला तिला."

माझा हात कागदावरच राहिला. चिऱ्याची भिंत आपल्या पायाने चालत नाही. मला बाईंच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी 'पडेल' हा शब्द अजूनही उच्चारला नव्हता आणि उच्चारणारही नव्हत्या. सहा मैल भिजत येऊन त्या मला फक्त बोळाची रुंदी सांगत होत्या.

उद्या येतो, एवढंच मी त्यांना म्हटलं; काकींना आजच हलवा, हे सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. सकाळच्या एसटीने मी वाडीवर गेलो. वाटेत मी मनात सारखा हिशेब मांडत होतो, की मातीची चढण, दोन पुरुष उंची, आठ दिवसांचा पाऊस, खिडकीपासून खाट किती लांब. घरी पोचलो तर वसंत अंगणात उभा होता, छत्री न घेता. त्याच्याबरोबर त्याचा गवंडी सखाराम, साठीचा, खांद्यावर गोणपाटाची खोळ. ज्याच्यावर मी दावा लावला तो माणूस माझ्या अशिलाच्या अंगणात माझी वाट बघत होता.

"या वकीलसाहेब," वसंत म्हणाला. "बघा तुमची कमाई."

आम्ही बोळात शिरलो. मला अंग तिरकं करावं लागलं. सखारामने ओळंबा वरून सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. वरून दोरी भिंतीला चिकटून निघाली, मध्यावर तिला भिंतीनेच पुढे ढकललं, आणि खाली वजन भिंतीपासून चांगलं वीतभर दूर लोंबायला लागलं.

"पोट आलंय तिला," सखाराम हलक्या आवाजात म्हणाला. भिंत मधून फुगली की गवंडी असंच म्हणतात. "मागं पानी साठलंय. आठ दिसांचं. जायाला वाट नाय."

"भोकं ठेवली होतीस ना?" मी विचारलं.

सखारामने वसंतकडे बघितलं. वसंतने खाली बोट दाखवलं. गुडघ्याच्या उंचीला एका ओळीत सात ठिकाणी सिमेंटचे गोल ठिपके होते, नीट घोटलेले.

"तुमची नोटीस आली," वसंत म्हणाला. "पाणी सोडू नको म्हणून. मी म्हटलं, काकीच्या दारात घाण पाणी नको. एवढं तरी ऐकावं. बुजवून घेतली."

मी आवडीने लिहिलेलं एक वाक्य त्या सात ठिपक्यांत बसलं होतं.

"मग उघडायची होती," मी म्हटलं.

"पंधरा दिवसांमागेच पहार घेऊन आलो होतो. पण आमचे वकील म्हणाले, जैसे थे आहे, पहार लावलीस तर कोर्टाचा अपमान, आत जाशील. मुलीचं लग्न ठरलंय माझ्या." तो थांबला. "तुम्हीच सांगा आता. हात लावू की नको?"

वकिली बुद्धी किती निगरगट्ट असते बघा. मी म्हटलं, "सोमवारी अकरा वाजता कोर्ट उघडलं की दोघांच्या सहीची पुरशीस, म्हणजे लेखी संमती, देऊ. हुकूम बदलून घेऊ. तासाभराचं काम आहे."

सखाराम ओळंबा गुंडाळत होता. तो न थांबता म्हणाला, "सोमवार तिला ठावं हाय काय?"

तेवढ्यात मला भिंतीचा आवाज ऐकू आला. पाऊस छपरावर पडत होताच, त्याच्या खाली एक बारीक कुरकुर होती, ओले चिरे एकमेकांवर घासल्याची. मग एक चिमूटभर लाल माती सांध्यातून सुटली आणि माझ्या बुटावर पडली. मी आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरलो आहे, पण तिथून पळून जावं अशी इच्छा मला त्या एकाच वेळी झाली. बोळ अरुंद होता आणि मी सगळ्यांच्या आत होतो.

बाहेर आल्यावर वसंत म्हणाला, "तुम्ही सांगाल तर आत्ता फोडतो भोकं. पण लिहून द्या. तोंडी नाय चालणार."

त्याचं बरोबर होतं. मी पडवीत बसलो, पिशवीतला कोरा कागद काढला आणि मांडीवर ठेवला. कोर्टाचा हुकूम मोडायची परवानगी एका वकिलाने लिहून द्यायची म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. सनद जाऊ शकते. घरी दोन मुलं शिकत होती. सुशीलाबाईंनी पुढ्यात आणून ठेवलेला चहा निवला, त्यावर साय धरली, तरी माझ्या हातून पहिलं अक्षर उमटेना. तेवढा वेळ मी घेतला, तेवढा वेळ काकी त्या खोलीतच होती, हे मी लपवत नाही. मग लिहिलं, 'भिंतीतील पाणी काढून देण्यास वादीतर्फे माझी संमती आहे. होईल त्याची जबाबदारी माझी.' खाली सही केली. वसंतने कागद वाचला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला.

सखाराम म्हणाला, "आधी म्हातारीला काढा. पहार लागली की ती कशी वागंल, ते मी नाय सांगू शकत."

काकी खाटेवर उशीला टेकून बसली होती. खिडकी उघडी, समोर दीड हातावर ती फुगलेली लाल भिंत, आणि खोलीत दिवा लावलेला. मी सांगितलं होतं तसाच, भरदिवसा. उशाला देवाच्या तसबिरीखाली खिळ्याला हुकमाची नक्कल टांगलेली होती, हळदकुंकू लावलेली. घरातल्या सगळ्या माणसांत न घाबरलेली ती एकटीच होती.

"आई, जरा वरती वसंतभाऊजींकडे जाऊ या," सुशीलाबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"असंच. जरा हवा बदल."

"मला उगा फसवू नको," काकी म्हणाली. "भिंतीचं भय धरलंस ना? अगो, कोर्टाचा हुकूम हाय तिला. हाय तिथंच ऱ्हायचं म्हणून. वाचून दावलान ना त्या पोरीनं? ती कशी हलंल?"

मला प्रथम नीट कळलंच नाही. मग कळलं. भिंतीची स्थिती जैसे थे ठेवावी. काकीच्या समजुतीने तो हुकूम भिंतीला होता. सरकारने भिंतीला जागच्या जागी राहायला सांगितलं होतं, आणि त्या जोरावर ती तीन महिने तिच्याकडे तोंड करून शांत झोपत होती.

खरं सांगायची ती वेळ होती. पण समजावत बसायला वेळ नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि जे सोपं होतं ते केलं. मी खिळ्यावरचा कागद काढला, उघडून डोळ्यांसमोर धरला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणालो, "काकी, नवा हुकूम झालाय. खोली आज रिकामी करायची."

काकीने लगेच पदर सावरला. "हुकूम हाय तर चला. आधी सांगायचं होतंत."

वसंतने तिला पाठुंगळी घेतलं. ज्या माणसावर दावा होता तो तिला चिखलातून वर चढवून घेऊन गेला, मागून सुशीलाबाई इरलं धरून. मी खाटेवरची उशी आणि तसबीर उचलली आणि निघालो. खाट दाराला अडकली म्हणून तशीच सोडली.

सखारामने दोन भोकं फोडली. पहिल्यातून पाणी आलं ते मनगटाएवढ्या धारेने, लालभडक, समोरच्या घराच्या भिंतीवर आपटत. दुसऱ्यातूनही तसंच. तिसऱ्याला त्याने पहार लावली, एक ठोका दिला आणि थांबला. भिंतीवर तळहात ठेवला. मग पहार तिथेच टाकून तो बोळातून बाहेर आला, धावला नाही, पण मागेही बघितलं नाही. "वरती चला," एवढंच म्हणाला.

आम्ही वसंतच्या ओटीशी पोचलो असू. फार मोठा आवाज झाला नाही. मध्यावरचा फुगा फाटला, वरचे थर त्यात खाली बसले, त्यांच्यामागून सगळी भरणीची माती गेली. मागच्या खोलीचं छप्पर कौलांसकट आत दबलं. दुपारचे बारा-सव्वाबारा झाले असतील. वाडीतली माणसं छत्र्या घेऊन धावत आली आणि पहिला प्रश्न प्रत्येकाने तोच विचारला, की काकी कुठाय.

भोकं पाडली म्हणून भिंत पडली, की पडणारच होती म्हणून पडली, हे मला आजही माहीत नाही. सखाराम म्हणाला, भोकं न फोडली असती तरी सांजेपर्यंत पडलीच असती. त्याच्यावर विश्वास ठेवणं मला सोयीचं आहे, म्हणूनच मला त्याची खात्री वाटत नाही.

सोमवारचं आधी उरकतो, कारण ते लहान आहे. मी कोर्टात उभा राहिलो आणि हुकूम माझ्या लेखी संमतीने मोडला असं सांगितलं. समोरचे वकील भला माणूस, त्यांनी आपली तक्रार नाही असं नोंदवलं. न्यायाधीशांनी हुकूम पुन्हा वाचला आणि विचारलं, "आता जैसे थे काय ठेवायचं?" कुणी हसलं नाही. नंतर त्यांनी मला आत बोलावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "हुकमावर सही माझी आहे, वकीलसाहेब." दावा पुढे तडजोडीने मिटला. वसंतने मागची खोली स्वतः बांधून दिली. भिंत त्याने मागे हटवून दोन पायऱ्यांत घातली, कमरेएवढ्या उंचीच्या, भोकं उघडी ठेवून. मुलीच्या लग्नाचा मांडव लहान झाला. माझ्या सनदेला कुणी हात लावला नाही, आणि पुढे कित्येक वर्षं 'जैसे थे'चा अर्ज देण्याआधी मी जागेवर जाऊन यायचो, त्यामुळे विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध झालो.

हे सगळं मी आधी लिहिलं, कारण शनिवारचं जे उरलं आहे ते लिहायचं मी टाळत होतो.

भिंत गेल्यावर काकी वसंतच्या ओटीवर बसून खाली बघत होती. अंगावर वसंतने मस्कतहून आणलेलं जाड ब्लँकेट. तिथून तिची खोली सरळ दिसायची. कौलांचा चुरा, वाशांचे तुकडे, आणि त्यांच्यामध्ये एका बाजूने वर उचललेली खाट. खाटेच्या मधोमध दोन चिरे बसले होते. सुशीलाबाई खांबाला धरून उभ्या होत्या, त्यांचे दात वाजत होते. चार महिन्यांची भीती त्यांच्या अंगातून आत्ता बाहेर पडत होती.

काकीने मला जवळ बोलावलं.

"वकीलसाहेब, भिंतीनं हुकूम मोडलान ना?"

मी तिच्या समोर उकिडवा बसलो. "नाही काकी. भिंतीला हुकूम नव्हता. माणसांना होता."

"भिंतीला नव्हता?"

"भिंतीला कोर्ट काही सांगू शकत नाही."

"आन् मगासचा? खोली रिकामी करायचा?"

"तो हुकूमच नव्हता. मी खोटं बोललो."

तिचं लक्ष परत खाली गेलं, त्या खाटेवर. मला वाटलं ती आता मला शिव्या देईल. मी त्याची वाट बघत होतो, खरं तर मला त्या हव्या होत्या.

"मंग इतकं दिस," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी कुनाच्या भरवशावर निजले होते तितं?"

वकिलाला उत्तरं सुचायची सवय असते. देवाच्या, असं म्हणता आलं असतं. सुनेच्या, म्हणता आलं असतं. दोन्ही खरं ठरलं असतं आणि मीही सुटलो असतो.

"माझ्या," मी म्हटलं.

काकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, नुसतंच, पहिल्यांदा बघावं तसं. मग तिने ब्लँकेट आवळून घेतलं, तोंड वसंतकडे वळवलं आणि त्याच्याकडे प्यायला पाणी मागितलं.